पावडरची उरलेली बाटली

दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत. पेशंट चार पायांचे, त्यांतले निम्मे चावरे, तरी ही सिस्टर. कुणीतरी कधीतरी गमतीत म्हटलं असणार आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बावीस वर्षं झाली त्याला. डॉक्टरसुद्धा तिला सिस्टर म्हणत आणि अहो-जाहो करत. करणारच, कारण तिने त्यांना हाफ पँटमध्ये पाहिलं होतं. दवाखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. तेव्हा हे शाळेतून आले की औषधांच्या खोक्यावर बसून गणितं सोडवायचे आणि बहुतेक चुकवायचे. मांजर मानेमागच्या सैल कातडीला धरायचं आणि धरताना त्याचे मागचे पाय विसरायचे नाहीत, ही त्यांची पहिली शिकवणी सिस्टरकडे झाली होती.

सिस्टरला एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो झाकून ठेवण्याइतकी ती गरीब नव्हती. तिच्या हातून चूक होत नाही. लसींच्या फ्रिजवर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. त्यात कुणी प्यायच्या पाण्याची बाटली ठेवली, तर बाटली आणि ठेवणारा दोघेही बाहेर जात.

कुत्र्याच्या पिल्लांना जी मोठी लस देतात, जिच्यात पाच-सहा रोगांचा बंदोबस्त एकाच सुईत होतो, ती दोन बाटल्यांत येते. दोन्ही अंगठ्याएवढ्या. एकीच्या तळाशी पांढऱ्या पावडरची चिमूटभर वडी, दुसरीत नुसतं शुद्ध पाणी. पाणी सिरिंजमध्ये ओढायचं, पावडरच्या बाटलीत सोडायचं, हलक्या हाताने फिरवायचं, विरघळलं की परत ओढायचं आणि टोचायचं. खरी लस ती पावडर. पाणी फक्त तिला आत नेतं. विरघळल्यावर रंग असा काही येत नाही, त्यामुळे सिरिंजमध्ये लस आहे की नुसतं पाणी, हे बघून सांगता येत नाही. पावडरच्या बाटलीवर एक स्टिकर असतो. लस दिली की तो सोलून पिल्लाच्या लसीच्या पुस्तकात लावायचा, की झालं.

एरवी हे सगळं एकामागून एक व्हायचं. पण वर्षातून दोनदा दवाखान्यात फुकट लसीकरणाचं शिबिर असे, आणि त्या दिवशी रांग दारातून बाहेर, पायऱ्या उतरून पार फुटपाथपर्यंत जाई. पिल्लं किंचाळतात, मोठी कुत्री त्यांना साथ देतात, माणसं दोघांवरही ओरडतात. अशा दिवसासाठी सिस्टरची एक युक्ती होती. सकाळीच ती सगळ्या सिरिंजमध्ये पाणी भरून ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवी. स्टिकरही आधीच सोलून टेबलाच्या कडेला रांगेत लावून टाकी. म्हणजे पिल्लू समोर आलं की नुसती पावडर विरघळवायची, सिरिंज डॉक्टरांच्या हातात द्यायची आणि एक स्टिकर उचलून पुस्तकात. प्रत्येक पिल्लामागे दोन मिनिटं वाचत. थोरले डॉक्टर, म्हणजे यांचे वडील, तिला म्हणायचे, "तुझे हात म्हणजे मशीन आहेत." ते गेले, पण वाक्य सिस्टरकडे राहिलं.

त्या रविवारच्या शिबिरासाठी तीस डोस काढले होते, आणि तीस पिल्लं झालीही. बाविसाव्या-तेविसाव्याच्या आसपास एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या करंडीतून त्यांचा पिवळा बोका सुटला, औषधांच्या कपाटावर चढला आणि वरून हातमोज्यांचा खोका, जुनी फाइल आणि शेवटी स्वतः, अशा क्रमाने सगळं खाली टाकलं. दोन-तीन मिनिटं खोलीतली प्रत्येक मान वर होती. डॉक्टरांनी वर बघत हात मागे केला, सिस्टरने वर बघत त्यात सिरिंज दिली. सगळे हसले. सिस्टरही हसली.

दुपारी रांग संपली. सिस्टर आवराआवर करायला लागली. रिकाम्या बाटल्या मोजणं हा तिचा शेवटचा सोपस्कार. तीस व्हायला हव्या होत्या, एकोणतीस भरल्या. तिने परत मोजल्या. मग बर्फाच्या पेटीत हात घातला, तर तळाशी एक बाटली लागली. टोपी शाबूत, बूच अखंड, तळाला पांढरी वडी जशीच्या तशी.

ट्रे मात्र रिकामा होता. पाण्याच्या तीसही सिरिंज वापरून झाल्या होत्या. सिस्टर औषधांच्या खोक्यावर बसली, तेच खोकं, ज्यावर बसून डॉक्टर गणितं चुकवायचे.

"एक पावडर उरलीय," ती म्हणाली.

डॉक्टर साबणाने हात धूत होते. "बरं झालं. फ्रिजमध्ये ठेवा."

"डॉक्टर, पाणी तीसही गेलंय."

नळ चालूच राहिला. मग त्यांनी तो बंद केला. "कुणाला?"

"तेच कळत नाही."

"स्टिकर बघू. ज्याच्या पुस्तकात नसेल..."

"सगळ्यांच्या पुस्तकात आहे. मी सकाळीच सोलून ठेवले होते."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच म्हातारी दिसली असावी. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या महिन्यात आठवड्याला दोन पिल्लं पार्व्होने येत होती. रक्ताची हगवण, उलट्या, सलाईन, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एकतर शेपूट हलायची किंवा हलायची नाही. लस घेतलेल्या पिल्लाला त्या रोगापासून मोठा आधार असतो. आता तीसांतलं एक पिल्लू आधाराशिवाय घरी गेलं होतं, आणि घरचे निर्धास्त होते, कारण पुस्तकात स्टिकर होता.

"सगळ्यांना खरं सांगू या," सिस्टर म्हणाली.

"काय सांगू या? तुमच्यातल्या एकाला आम्ही पाणी टोचलं, कुणाला ते माहीत नाही? संध्याकाळपर्यंत सगळीकडे होईल की इथे पाणी टोचतात. मग पुढच्या शिबिराला कोण येईल, सिस्टर? त्यात किती मरतील, ते मोजा."

हे त्यांनी स्वतःला वाचवायला म्हटलं असेलही, पण त्यात खोटं काही नव्हतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

"उद्या परत बोलवा सगळ्यांना," डॉक्टर म्हणाले. "द्यायची तर उद्याच द्यायची, नाहीतर मग मध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर सोडावं लागतं. म्हणावं, शिबिरातर्फे एक जास्तीचा डोस आहे, फुकट. दोनदा गेली तरी कुणाला काही होत नाही. बाकी काही बोलायचं नाही."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कुणी विचारत नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी सिस्टरची थोरली बहीण होती. दोघीच राहत. अक्काने चौतीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या जगाचा पेपर तपासायला घेतला होता. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"जास्तीचा डोस? साबणावर साबण फुकट, तसा?"

"तसंच."

"खोटं बोलायचं तर निदान माणसं घाबरून धावत येतील असं तरी बोलावं. हे खोटं फार गोड आहे. गोड खोट्याला लोक नाहीही म्हणू शकतात."

अक्का बरोबर बोलली की सिस्टरला नेहमीच राग यायचा.

सोमवारी सकाळपासून ती फोनला चिकटली. बोलून बोलून घसा बसला. फुकट म्हटल्यावर माणसं येतात, शिबिराला न आलेलेही दोघे आले. संध्याकाळपर्यंत पंचवीस पिल्लांना परत लस गेली. या खेपेला तिने प्रत्येक बाटली मोठ्याने बोलून विरघळवली आणि स्टिकर टोचल्यानंतरच सोलला. उरले पाच. डॉक्टरांच्या परवानगीने तिने तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये बर्फ भरला, पाच बाटल्या ठेवल्या आणि पिशवी खांद्याला अडकवून स्वतःच निघाली. त्या पाचांत ती उरलेली बाटलीही होती. मुद्दामच घेतली होती तिने, टोपीवर पेनाने खूण करून. ती एकदा कुणाला तरी टोचली गेली की आपल्यामागचं शुक्लकाष्ठ सुटेल, असं तिला उगाच वाटत होतं.

तीन घरी काम झालं, पण दर वेळी हाताला दुसरीच बाटली लागली. चौथ्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सगळे परगावी गेलेत, पिल्लूही बरोबर नेलंय. पाचवं घर म्हणजे टेलरताईंचं दुकान.

टेलरताई सिस्टरला चांगल्या आठवत होत्या. शिबिरात त्यांनी पिल्लू कापडी झोळीत, गळ्यात अडकवून आणलं होतं, पाय जमिनीला लागू नयेत म्हणून. आणि लसीच्या पुस्तकाला कव्हर शिवलं होतं, निळ्या कापडाचं, आतून अस्तर लावून. सिस्टरने थट्टा केली होती, "ताई, खिसा राहिला की." पिल्लाचं नाव बटण. काळं, गोल, आणि खरोखरच कुठूनतरी तुटून पडल्यासारखं. धाकट्या भावाने महिनाभरासाठी म्हणून आणून ठेवलं आणि तो नोकरीला लांब निघून गेला. ताईंना कुत्रं नको होतं. दुकानात बसायला एकच स्टूल, त्यात हे कुठे ठेवू, असं त्यांचं म्हणणं होतं. बटणाने तो प्रश्न स्वतःच सोडवला. ते शिवणयंत्राच्या पायट्यावर झोपायचं. ताई त्याला उचलून बाजूला ठेवत, ते परत येई. शेवटी ताई एका पायाने मशीन चालवायला शिकल्या.

"सिस्टर, तुम्ही इकडे कशा?" ताईंनी कापड बाजूला सारलं आणि स्टूल पुढे केलं. स्वतः शाळेच्या युनिफॉर्मच्या गठ्ठ्यावर बसल्या. बटण पायट्यावर उताणं पसरलं होतं, पोट वर करून.

सिस्टरने जास्तीच्या डोसचं सांगितलं. सकाळपासून तीसेकदा बोललेली वाक्यं, आता तिला स्वतःलाही खरी वाटायला लागली होती.

"फोनवर पण म्हणालात तुम्ही," ताई म्हणाल्या. "पण याचं झालंय ना कालच. ही दुसऱ्या कुणाला तरी द्या. ज्याचं राहिलं असेल त्याला."

"आम्ही सगळ्यांनाच देतोय."

"तेच म्हणते, सगळ्यांना दोनदोन कशाला? रांगेत शेवटी दोन बायका पिल्लं घेऊन परत गेल्या, मी बघितलं. त्यांना बोलवा." मग त्यांनी वाकून बटणाच्या पोटावर बोट फिरवलं. "आणि काल केवढं रडलं हो हे. एवढासा जीव. परत आज टोचायचं म्हणजे..."

"टोचलेलं बरं असतं, ताई."

त्या आवाजात काहीतरी असणार. ताईंनी मान वर केली. त्यांची नजर कापडातली एक चुकलेली टीप हातभरावरून पकडायची. ती नजर आता सिस्टरवर होती.

"काही गडबड झालीय का?"

डॉक्टर म्हणाले होते, कुणी विचारत नाही. तीस जणांत या एकीने विचारलं. सिस्टरच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत थर्मास, थर्मासात बर्फ आणि बर्फात ती बाटली. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. तिला थोरले डॉक्टर आठवले. तुझे हात म्हणजे मशीन आहेत. तिला धाकटे डॉक्टर आठवले, किती मरतील ते मोजा. आणि तिला हेही वाटलं, इतक्यांतलं नेमकं हेच कशाला असेल.

"नाही हो," ती म्हणाली. "तसं काही नाही."

"मग राहू दे," ताई हसल्या. "चहा घेणार का?"

सिस्टरने चहा घेतला. चहा चांगला होता. घरी येऊन तिने अक्काला सांगितलं की दोनच राहिलेत, आणि अक्काने विचारलं, "का?" सिस्टर म्हणाली, "एक परगावी आहे, एक नको म्हणाली." त्या दिवशी अक्काने मार्क दिले नाहीत.

शिबिराचा दिवस धरून तेरा दिवस गेले. सिस्टर रोज सकाळी दवाखान्याचं दार उघडताना पायरीवर आधी बघून घेई. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे तिला इतकी वर्षं फक्त बोलण्यापुरतं माहीत होतं. परगावचं कुटुंब परत आलं, त्यांचं पिल्लू उड्या मारत होतं, तिथल्या डॉक्टरांकडून त्याला पुढची लसही थोडी आधीच मिळाली होती. तेवढ्यापुरतं सिस्टरला वाटलं, सुटलो. पुढचा डोस आठ-दहा दिवसांवर आला होता. आता टेलरताई येतील, या वेळी आपण डोळे उघडे ठेवून लस देऊ, आणि हे सगळं एक दिवस आपण अक्काला हसून सांगू.

चौदाव्या दिवशी, शनिवारी सकाळी टेलरताई पायरीवर उभ्या होत्या. गळ्यात झोळी. सिस्टरला बघायचीही गरज पडली नाही. त्या रोगाला एक वास असतो, बावीस वर्षं तो नाकात बसलेला असतो.

"कालपासून खात नाही," ताई म्हणाल्या. "रात्रीपासून उलट्या. आणि पहाटे..." त्यांनी झोळीचं कापड थोडं उघडून दाखवलं.

डॉक्टरांनी तपासणीची पट्टी लावली. दोन रेघा आल्या, म्हणजे पार्व्होच. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने फरशीकडे.

"लस घेतलेल्या पिल्लांनाही कधीकधी होतो," डॉक्टर म्हणाले. "एकच डोस झाला होता ना. पहिल्या डोसने पूर्ण संरक्षण येतंच असं नाही."

हेही खरं होतं. सिस्टर पुढे कित्येक दिवस त्या वाक्याला धरून लोंबकळली. असू शकतं. बटणाला खरी लस मिळालीही असेल आणि तरी त्याला रोग झाला असेल. ते पाणी दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला आलं असेल आणि सोमवारी त्याची भरपाई झालीही असेल. हे कधीच कळणार नव्हतं. ती आठवून बघायची, बोका कपाटावर होता तेव्हा टेबलावर कोण होतं. कधी तिला तिथे तपकिरी पिल्लू दिसायचं, कधी ठिपक्यांचं, आणि अलीकडे दर वेळी काळंच.

मागच्या खोलीत बटणाला सलाईन लावलं. शीर सापडायला चार सुया गेल्या. दोनदा टोचायला नको म्हणून जे वाचवलं, त्याला दिवसभर टोचावं लागत होतं. उलटी थांबायचं इंजेक्शन, ताकदीचं इंजेक्शन, कुशीला गरम पाण्याची बाटली. खरं तर पार्व्होवर औषध नाही. जे काही औषध आहे ते आधी असतं, त्या चिमूटभर पावडरीत. नंतर फक्त पाणी देत राहायचं आणि वाट बघायची. सिस्टरला माणसांना हे समजावून सांगायची सवय होती. ताईंना मात्र तिला काही सांगता आलं नाही.

ताईंना आत जायला मनाई होती, बुटांबरोबर रोग बाहेर जातो म्हणून. त्या दाराच्या काचेबाहेर एक बादली उपडी घालून बसल्या. बरोबर युनिफॉर्म आणले होते, हाताने दुमड घालत होत्या. दर चार टाक्यांनी मान वर.

"सिस्टर, एक सांगू?" रविवारी दुपारी त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे झालंय हे."

सिस्टर फरशी पुसत होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही सांगितलं होतं, सगळे डोस होईपर्यंत खाली ठेवायचं नाही. मी नाही ठेवायची. पण गेल्या सोमवारी दुकानाची किल्ली अडकली. दोन्ही हात लावले तरी फिरेना. झोळीतून हे पडेल म्हणून मी त्याला पायरीवर ठेवलं. दोनच मिनिटं. त्याने तिथे काहीतरी हुंगलं." त्या टाका घालत राहिल्या. "दोन मिनिटं, सिस्टर. मी किल्लीला तेल घालायचं महिनाभर लांबवत होते."

सिस्टरने फडकं बादलीत पिळलं, परत बुडवलं, परत पिळलं. दाराच्या पलीकडे डॉक्टर होते. बटण जगलं तर सांगायची गरजच पडणार नाही, असा एक हिशोब तिच्या मनात चालला होता, आणि त्या हिशोबाची तिला लाज वाटत होती, तरी तो चालू होता.

सोमवारी सकाळी बटणाने डोळे उघडले, काचेकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक जेमतेम एकदा उचललं. ताईंनी ते पाहिलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आता खाईल. बारा वाजता ते गेलं. सिस्टरच्या तळहातावर त्याची मान होती. सलाईन थेंबथेंब उतरतच होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

ताईंनी झोळीतच त्याला घरी नेलं. जाताना दोघांनाही म्हणाल्या, "तुम्ही जिवाचं रान केलंत." डॉक्टर आत निघून गेले. लसीचं पुस्तक टेबलावरच राहिलं, निळं कव्हर घातलेलं.

चार दिवस ते पुस्तक सिस्टरच्या खणात होतं. पाचव्या दिवशी ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. "मी टेलरताईंना सांगणार आहे."

तिला वाटलं होतं ते अडवतील. ते खुर्चीत मागे रेलले. "सांगा," ते म्हणाले. "मलाही झोप लागत नाहीये." मग म्हणाले, "ती बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. कुणाला तरी देऊन टाका." पण ती बाटली वापरायचा धीर दोघांनाही होत नव्हता.

दुकानात मशीन चालू होतं. सिस्टर दारातच बोलायला लागली, बसली की बोलणं होणार नाही हे तिला ठाऊक होतं. दोन बाटल्या, पावडर, पाणी, सोलून ठेवलेले स्टिकर, कपाटावरचा बोका, सगळं सांगितलं. खात्री नाही हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. ताईंनी मशीन थांबवून ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे त्याला लस मिळालीच नव्हती?"

"बहुतेक नाही."

"म्हणजे मी त्याला पायरीवर ठेवलं त्याने..."

"तुमच्यामुळे नाही, ताई. लस असती तर दोन मिनिटांनी काही झालं नसतं." हे तरी नक्की कुठे होतं, पण सिस्टर ठामपणे म्हणाली.

ताईंनी श्वास सोडला. किती दिवस धरून ठेवला होता कुणास ठाऊक. खांदे खाली आले, कपाळ मोकळं झालं, आणि ती बाई एकाएकी पाच वर्षांनी लहान दिसायला लागली. "मला वाटत होतं मीच मारलं त्याला," त्या म्हणाल्या. सिस्टरचे डोळे भरून आले. आले ते बरं केलं, असं तिला क्षणभर वाटलं. आता ताई चिडतील, दोन शब्द सुनावतील, सगळ्यांना सांगतील, दवाखान्याचं नाव जाईल. जाऊ दे.

ताईंनी मशीनखाली कापड सरकवलं. पाय पायट्यावर ठेवताना सवयीने एका बाजूला घेतला, उरलेली जागा मोकळी सोडून. मग त्या पायाकडे बघत राहिल्या.

"त्या दिवशी तुम्ही आला होतात," त्या म्हणाल्या. "ही पिशवी होती खांद्याला."

"हो."

"लस त्यातच होती?"

"हो, ताई."

आता ते वाक्य येणार, हे सिस्टरला माहीत होतं. मी तुम्हाला विचारलं होतं. काही गडबड झालीय का, म्हणून तोंडावर विचारलं होतं, आणि तुम्ही चहा पिऊन गेलात. चार दिवस ती त्या वाक्याची तयारी करत होती. त्याच्यापुढे मान खाली घालायची, काहीही कारण सांगायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

"दारात घेऊन आला होतात," ताई म्हणाल्या. "आणि मीच नको म्हटलं."

"नाही, ताई. तुम्ही विचारलं होतं मला. मी खोटं बोलले."

"दुसऱ्यांना द्या म्हणाले. एवढासा जीव, परत कशाला टोचायचं म्हणाले."

"ताई, ऐका. माझी चूक आहे. मी सांगितलं असतं तर तुम्ही..."

"सांगायला कशाला हवं होतं? फुकट मिळत होती. पंचवीस जण जाऊन घेऊन आले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर सिस्टरने तो दोन्ही हातांनी घेतला असता. कपाळ परत आक्रसलं होतं. "मीच नको म्हटलं ना."

सिस्टरने परत सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. ताई मान हलवत होत्या, ऐकत नव्हत्या. त्यांनी सुईखालचं कापड नीट केलं, चाकाला हात लावला आणि मशीन सुरू केलं. सिस्टर निळ्या कव्हरचं पुस्तक हातात धरून दारात उभी होती, ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.